प्रत्येक आवाजाचे स्वतंत्र खाते

रेकॉर्डर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो टेपरेकॉर्डर. वस्तीत एखाद्याच्याच घरी तो असायचा, जयंतीच्या आठवड्यात दिवसभर वाजायचा आणि कॅसेटची फीत अडकली की पेन्सिल घालून सरळ करावी लागायची. पण याच नावाचे एक वाद्य टेपरेकॉर्डरच्या पाचशेहून अधिक वर्षे आधीपासून युरोपात आहे, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. ही एक बासरी आहे. आपल्या बासरीसारखी ती ओठांना आडवी लावून फुंकायची नसते. तिला चोच असते, ती तोंडात धरायची, शिट्टी फुंकावी तशी फुंकायची. पुढच्या बाजूला सात भोके, मागे अंगठ्यासाठी एक. आपल्याकडे जत्रेत मिळणारे अलगूज पाहिले असेल तर ते हिच्याच कुळातले समजावे. 'रेकॉर्डर' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्याचा अर्थ आहे आठवणे. त्या शब्दाच्या पोटात 'हृदय' या अर्थाचा शब्द दडलेला आहे. म्हणजे मनात साठवून पुन्हा म्हणणे. बासरीला आणि यंत्राला एकच नाव पडावे, यात आम्हाला तरी नवल वाटत नाही. दोघांचे काम एकच.

आता कुणी विचारेल, यवतमाळच्या वाचकाला या परदेशी बासरीचे काय? कौटुंबिक पानावर तिचा विषय कशाला? याचे उत्तर आम्ही या लेखात देणार आहोत. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी याच बासऱ्यांच्या एका जुन्या चालीचे ध्वनिमुद्रण आम्ही केले. त्यातून जे शिकायला मिळाले ते आपल्या गाण्यांच्या फार उपयोगाचे आहे, असे आमचे ठाम मत झाले आहे. पण आधी थोडा इतिहास.

रेकॉर्डर एकटा वाजत नाही असे नाही, पण त्याची खरी मौज त्याच्या कुटुंबात आहे. सर्वांत अधिक वाजवली जाणारी लहान बासरी, सोप्रानो, सुमारे ३२ सेंटिमीटरची. तिच्या खालोखाल आल्टो सुमारे ४७ सेंटिमीटर, मग टेनर सुमारे ६५ आणि बास जवळपास मीटरभर. नळी दुप्पट लांब केली की स्वर एक सप्तक खाली जातो, म्हणून टेनर सोप्रानोच्या दुप्पट. अशा चार-पाच वादकांच्या ताफ्याला तिकडे 'कॉन्सर्ट' नव्हे, 'कॉन्सॉर्ट' म्हणतात. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या मृत्यूनंतर १५४७ मध्ये त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तिच्यात ७६ रेकॉर्डर निघाले. त्याच्याच काळात व्हेनिसहून बसानो नावाच्या कुटुंबातले भाऊ इंग्लंडच्या दरबारी नोकरीस आले. त्यांनी सुरू केलेला रेकॉर्डरचा ताफा पुढे सुमारे नव्वद वर्षे चालला.

या ताफ्याचे एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावे. आपल्या गायन पार्टीत मुख्य गायक असतो, मागे झीलकरी असतात, बाजूला ढोलकी आणि पेटी. कॉन्सॉर्टमध्ये चारही जणांना स्वतःची स्वतंत्र चाल असते. एकाची चाल संपत आली की दुसऱ्याची उचल घेते, तिसरा मधेच उत्तर देतो, आणि चौथा खालून सर्वांना जमीन देतो. एकालाही वगळता येत नाही. बास काढून घेतला तर वरचे तिघे अधांतरी होतात, मधला टेनर काढला तर मधेच पोकळी राहते. आमच्यासारख्या कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर या संगीतात 'इतर किरकोळ' असे शीर्षच नाही.

आम्ही बी.कॉम.ला दुहेरी नोंद पद्धत शिकलो. ती पद्धत ज्या पुस्तकातून प्रथम छापील स्वरूपात सर्वांसमोर आली ते ल्युका पाचोलीचे पुस्तक १४९४ मध्ये व्हेनिसला निघाले. त्याच व्हेनिसमध्ये १५०१ मध्ये ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची याने अनेक आवाजांच्या संगीताचे पहिले छापील पुस्तक काढले. आणि त्याच शहरात १५३५ मध्ये सिल्व्हेस्त्रो गानासी याने रेकॉर्डर कसा वाजवावा याचे पुस्तक लिहिले. आपण तबल्याचे बोल तोंडाने म्हणतो, तसे गानासी जिभेचे बोल देतो: तेके, तेरे, लेरे. पहिला कठोर, दुसरा मध्यम, तिसरा मऊ. ज्या गावाने जमाखर्चाची वही छापली, त्याच गावाने पुढच्या सुमारे चाळीस वर्षांत संगीताची वही आणि बासरीची वहीही छापली. व्यापारी शहराला नोंदीचे मोल कळते, दुसरे काय!

पुढे १५५१ मध्ये अँटवर्प येथे तिलमान सुसाटो याने नाचाच्या चालींचा एक संग्रह छापला. हा संग्रह चार वेगवेगळ्या पुस्तिकांत होता. प्रत्येक आवाजाची पुस्तिका निराळी. वरच्या आवाजाच्या वादकाने आपली घ्यावी, बासवाल्याने आपली. चारही पुस्तिका उघडून चौघे एकत्र बसल्याशिवाय चाल पुरी होत नाही. जर्मनीतल्या मिखाएल प्रेटोरियस याने १६१२ मध्ये तीनशेहून अधिक नाचांच्या चाली छापल्या, आणि १६२० मध्ये वाद्यांची चित्रे छापली तीही मापपट्टीसह, म्हणजे कोणती बासरी किती लांब ते चित्रावरून मोजता यावे.

हॉलंडमधील उत्रेख्त शहरातला याकोब फान आइक हा अंध वादक. चर्चच्या मनोऱ्यातील घंटा वाजवणे ही त्याची नोकरी. १६४९ मध्ये त्याचा पगार ८० गिल्डरचा १०० गिल्डर झाला, पण एका अटीवर, की संध्याकाळी चर्चच्या आवारात फिरायला येणाऱ्या लोकांना त्याने अधूनमधून आपल्या लहान बासरीवर काही ऐकवावे. लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्यांवर तो निरनिराळे विस्तार करी. त्याला लिहिता येत नव्हते, म्हणून त्याने सांगितले आणि दुसऱ्याने उतरवून घेतले. अशा सुमारे दीडशे रचना छापल्या गेल्या. तो १६५७ मध्ये वारला. आज जगभर रेकॉर्डर शिकणारे त्याच्या रचना वाजवतात. एका अंध वादकाचा श्वास पावणेचारशे वर्षे टिकला तो कुणीतरी शेजारी बसून लिहून घेतला म्हणून.

अठराव्या शतकात मोठे वाद्यवृंद आले, मोठी सभागृहे आली. रेकॉर्डर जोरात फुंकला की त्याचा स्वरच चढतो, त्यामुळे लहान-मोठा आवाज काढण्याला मर्यादा पडते. आडवी बासरी पुढे गेली आणि रेकॉर्डर मागे पडला. बाखने आपल्या ब्रांडेनबुर्ग मैफलींत त्याला मानाचे स्थान दिले होते, त्या मैफली १७२१ च्या. त्यानंतर थोड्याच दशकांत हे वाद्य जवळजवळ विस्मरणात गेले. सुमारे दीडशे वर्षे ते संग्रहालयात पडून होते. मग इंग्लंडमध्ये आर्नोल्ड डोल्मेच नावाच्या कारागिराने एक जुना रेकॉर्डर मिळवला आणि तो वाजवू लागला. १९१९ मध्ये लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर त्याच्या लहान मुलाच्या हातून ती पिशवी राहून गेली. पण डोल्मेचने त्या वाद्याची मापे लिहून ठेवली होती. त्या मापांवरून त्याने नवा रेकॉर्डर घडवला, आणि तिथून हे वाद्य पुन्हा जिवंत झाले. पुढे प्लास्टिकचे रेकॉर्डर निघाले आणि ते अनेक देशांच्या शाळांत पोचले. आज त्यातला साधा नमुना आपल्याकडेही काही शे रुपयांत मिळतो. वाद्य हरवले, माणसे गेली, शतके गेली, तरी मापाचा कागद आणि स्वरांचा कागद शिल्लक होता, म्हणून सगळे परत उभे राहिले.

हे सारे परके आहे असेही मानण्याचे कारण नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि वाद्ये वाजवायला शिकवत. तिथे तयार झालेले वादक विसाव्या शतकात मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली ठळक नावे. संगीतकाराने चाल सांगायची आणि यांनी प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद लिहायचा, अशी ती रीत. म्हणजे सुसाटोच्या चार पुस्तिकांची रीत गोव्यामार्गे मुंबईच्या स्टुडिओत पोचली होती. आपल्या जुन्या गायकांच्या वह्यांत गाण्याच्या डोक्यावर 'चाल' म्हणून ज्या चित्रपटगीतांची नावे असतात, त्यांतली कितीतरी गाणी याच हातांनी सजलेली. आणि बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे आपण विसरू नये. वाद्य कुठल्या मुलखातले आहे, हे पाहून त्यांनी शिकायचे की नाही ते ठरवले नव्हते.

आता आमच्या घरची हकीकत. आमच्या मुलीला इंग्रजी शाळेत सहावीत प्लास्टिकचा सोप्रानो शिकवला होता. तो पुढे कपाटात पडून होता. पुतण्याने मुंबईहून आल्टो मागवला, मग टेनरही आला आणि तो आमच्या गळ्यात पडला. बासची किंमत मात्र हजारोंच्या घरातली, ती कारकुनाच्या पगारात बसेना. शेजारचे निवृत्त गुरुजी भजनी मंडळाची पेटी वाजवतात. त्यांना विचारले, खालचा आवाज पेटीवर धराल का? गुरुजी म्हणाले, "धरतो, पण मला सरगममध्ये लिहून द्या." मुलीने ते लिहून दिले. निरनिराळ्या कुळांतली वाद्ये एकत्र आणण्याची रीत त्या जुन्या युरोपातही होती, त्यामुळे आम्ही काही जगावेगळे केले नाही. चाल घेतली ती सुसाटोच्या १५५१ च्या संग्रहातली, गोल फेर धरून नाचायची, सोपी, चार आवाजांची. इतक्या जुन्या रचनांवर कुणाचा हक्क राहिलेला नाही, त्यांच्या प्रती विनामूल्य मिळतात.

पहिली अडचण आली स्वर जुळवण्याची. गुरुजींची पेटी जुनी, तिचा स्वर आमच्या बासऱ्यांपेक्षा किंचित उतरलेला. पेटीचा स्वर काही हलवता येत नाही. रेकॉर्डरचा जोड दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढला की नळी लांब होते आणि स्वर उतरतो. उतरवण्याची ही सोय आहे, चढवण्याची नाही. पेटी चढी असती तर आमचे कामच थांबले असते.

दुसरी अडचण आपल्या यवतमाळच्या हवेची. हवा तापली की फुंकून वाजवायच्या वाद्याचा स्वर चढतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर हवेच्या एका अंशाला साधारण तीन भाग, असा हिशेब आहे. नळीत आपल्या श्वासाची ऊब मिसळत असल्याने प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, पण कानाला कळण्याइतका पडतोच. म्हणजे पहाटे एक आवाज टिपला आणि भर दुपारी दुसरा, तर दोन्ही एकमेकांशी भांडणार. शिवाय उन्हाळ्यात घरोघरी कूलर. आपला बंद केला तरी शेजारचा घोंघावतोच. म्हणून आम्ही जानेवारी महिना निवडला आणि चारही आवाज सकाळच्या एकाच वेळी टिपायचे ठरवले. थंडीत वेगळा त्रास, श्वासातली वाफ चोचीत थंड होऊन पाणी साचते आणि आवाज घोगरा होतो. त्यावर उपाय म्हणजे वाजवण्याआधी वाद्य पंधरा-वीस मिनिटे स्वेटरच्या आत, अंगाशी धरून ठेवणे. आम्ही तिघे बासऱ्या काखेत घेऊन चहा पीत बसलो होतो, ते पाहून घरच्या आयुष्मती म्हणाल्या, "ताप मोजता काय सगळे?"

खोली दहा बाय बाराची. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून वाजवणाऱ्याच्या मागे आणि समोर दोरीवर गोधड्या टांगल्या. पंखा बंद, फ्रिज बंद. फोन वाजवणाऱ्यापासून चार-पाच फुटांवर, त्याच्या तोंडापेक्षा थोडा उंच ठेवला. अगदी जवळ ठेवला की चोचीतल्या वाऱ्याचा फुसफुसाटच जास्त येतो. फोन हे यंत्र माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले आहे. त्यात आजूबाजूचा आवाज आपोआप कमी करण्याची सोय असते, आणि बासरीचा एकसारखा लांब स्वर हाच गोंगाट आहे असे समजून ती सोय तोच दाबून टाकू शकते. ध्वनिमुद्रणाच्या ॲपमध्ये जाऊन ती आधी बंद करावी लागते.

आम्ही दोन्ही रीतींनी करून पाहिले. पहिल्या रीतीत चौघे गोल बसलो, मधे एक फोन. ज्याचा आवाज मोठा त्याने मागे सरकायचे, ज्याचा लहान त्याने पुढे. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीच्या काळात हीच रीत होती. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे हॉटेलच्या खोलीत टिपले गेले, तेव्हा विजेचा माइक नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. या रीतीत चौघांचा जीव एकत्र लागतो, चाल डुलते. पण पुन्हा ऐकताना गुरुजींची पेटी आणि मुलीची वरची बासरी तेवढी स्पष्ट, मधले दोन आवाज आहेत की नाहीत तेच कळेना.

दुसरी रीत एकेक आवाज वेगळा टिपण्याची. हीही नवी नाही. न्यू ऑर्लिन्सचा कृष्णवर्णीय वादक सिडनी बेशे याने १९४१ मध्ये एकाच गाण्यात सहा वाद्ये एकट्याने, एकावर एक थर चढवत वाजवली होती. तेव्हा ते मोठ्या कंपनीच्या स्टुडिओतच शक्य होते. आज संगणकावर ऑडॅसिटीसारखी विनामूल्य मिळणारी आज्ञावली घातली की ते घरात होते. आम्ही आधी खालचा आवाज टिपला, कारण जमीन आधी हवी. सुरुवातीला चार मात्रा टाळ्या. मग पुढच्याने कानात इअरफोन घालून आधीचे ऐकत आपला आवाज वाजवायचा, त्यानेही त्याच टाळ्यांवर एक टाळी मिळवायची. यंत्राच्या चालीत क्षणाचा काही अंश उशीर होतो, तो पुढे टाळ्यांवर टाळी बसवून काढून टाकता येतो. इअरफोन आवश्यक, नाहीतर आधीचा आवाज नव्या नोंदीत पाझरतो आणि दोन खात्यांची सरमिसळ होते.

चार नोंदी चार ओळींत पडद्यावर एकाखाली एक दिसू लागल्या तेव्हा आम्हाला आमची खातेवही आठवली. प्रत्येक आवाजाचे स्वतंत्र खाते, आणि शेवटी ताळमेळ. एक खाते बंद करून उरलेली तीन ऐकता येतात. कोण घाईत आहे, कुणाचा श्वास अर्ध्यात तुटला, कुणाचा स्वर चढतो, ते लगेच सापडते. विशेष म्हणजे पुतण्याचा मधला आवाज, जो एकत्र नोंदीत कुठेच ऐकू आला नव्हता, तो एकटा ऐकल्यावर गुरुजी म्हणाले, "अरे, हे तर स्वतंत्र गाणे आहे!" त्याला थोडे वर उचलले आणि चारही आवाज एकत्र लावले. त्यात एक बारीक गोष्ट कळली. पेटीचा शुद्ध गंधार हा निसर्गातल्या गंधारापेक्षा चौदा भाग चढा असतो, तो तसाच बांधलेला आहे. पेटीची मर्यादा सांगणाऱ्यांनी याच कारणासाठी तिच्यावर टीका केली होती, आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला मनाई होती. रेकॉर्डर वाजवणाऱ्याला मात्र फुंक किंचित हलकी करून तो गंधार खाली आणता येतो. तसे केल्यावर चाल जी गोड लागली, ती आधी लागत नव्हती. दुसऱ्याचा स्वर ऐकून आपला स्वर मुरडायचा, हे शिक्षण चौघांनाही मिळाले.

वाचक बंधू-भगिनींनो, आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या गावोगावच्या गायन पार्ट्यांनी, भजनी मंडळांनी आणि महिला मंडळांनी गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत किती गाणी रचली त्याची गणती नाही. मोठ्या गायकांच्या कॅसेटी निघाल्या, त्या दीक्षाभूमीच्या जत्रेत विकल्या गेल्या, काही आज फोनवरही ऐकायला मिळतात. पण वस्तीतल्या गायकाचे काय? आमच्या माहितीतले एक वृद्ध गायक गेले. मागे तीन वह्या राहिल्या. अक्षर सुरेख, प्रत्येक गाण्याला क्रमांक, तारीख. डोक्यावर 'चाल' म्हणून ज्या गाण्यांची नावे आहेत त्यांतली काही गाणी आता घरातल्या कुणालाच आठवत नाहीत, आणि काहींच्या डोक्यावर नुसते 'स्वतःची चाल' एवढेच लिहिले आहे. शब्द आहेत, अर्थ आहे, गाणे मात्र त्यांच्याबरोबर गेले. फान आइकच्या शेजारी बसून कुणी लिहून घेतले होते. या गायकाच्या शेजारी आपण कुणी बसलो नाही.

नोंद ठेवली तर काय होते याचे मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या सहकाऱ्यांबरोबर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या महिलांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ मध्ये अशाच टिपल्या गेल्या. आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे 'पारी', यांच्याकडे त्या गाणाऱ्यांच्या नावा-गावासह ऐकायला मिळतात. ज्या बाया कधी व्यासपीठावर चढल्या नाहीत, त्यांचा आवाज आज जगात कुठेही ऐकता येतो. जाते गेले, पिठाची गिरणी आली, पण ओवी राहिली.

पण आपण आज फोनवर जे टिपतो त्यात एक उणीव आहे. जयंतीच्या कार्यक्रमात कुणीतरी गर्दीतून हात वर करून चित्रण करतो. त्यात मुख्य गायक, लाउडस्पीकरची किरकिर आणि टाळ्या एवढेच येते. मागे उभे असलेले झीलकरी, ढोलकीवाला, कोपऱ्यात बसून आवाज देणाऱ्या आयाबाया यांचा आवाज गर्दीत विरून जातो. उद्या ते गाणे पुन्हा उभे करायचे म्हटले तर झील कशी उचलायची, ढोलकीचा ठेका कुठे मोडायचा, हे सांगणारे काहीही हाती नसेल. बासऱ्यांच्या ताफ्याने आम्हाला शिकवले ते हेच: एक नोंद सर्वांची एकत्र, कारण जीव त्यात असतो. आणि मग प्रत्येकाची वेगळी, कारण हिशेब त्यात असतो. दोन्ही हव्यात.

म्हणून आमची सूचना अशी. या हिवाळ्यात प्रत्येक वस्तीने एक खोली ठरवावी. चार गोधड्या, एक फोन, एक इअरफोन, एक वही, याहून अधिक काही लागत नाही. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींकडे यंत्राचे काम द्यावे, त्यांना ते आपल्यापेक्षा चांगले येते. आधी सर्वांनी मिळून गाणे एकदा म्हणावे. मग मुख्य आवाज, झील, ढोलकी, पेटी यांची वेगवेगळी नोंद करावी. गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत, तसे प्रत्येकाने आपले नाव, गाव आणि तारीख स्वतःच्या आवाजात सांगावी. झीलकऱ्यानेही सांगावी, ढोलकीवाल्यानेही. गाणे कुणी रचले, चाल कुणाकडून आली, तेही बोलून ठेवावे. नोंद दाबून लहान न करता 'वेव्ह' या पूर्ण स्वरूपात ठेवावी आणि तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात, कारण फोन हरवतो, बिघडतो, बदलला जातो. गाणाऱ्याची परवानगी आधी घ्यावी आणि एक प्रत त्याच्या घरी पोचवावी. गाणे त्याचे आहे, आपण फक्त टिपणीस.

आणि सुरुवात करायची ती सर्वांत वयस्कर माणसापासून. चांगला माइक मिळेल तेव्हा करू, खोलीला रंग दिल्यावर करू, असे म्हणत थांबू नये. तरुण गायक पुढच्या वर्षीही गाईल. ज्यांना दम लागतो, जे दोन कडव्यांनंतर पाणी मागतात, त्यांच्याकडे या रविवारी जावे. मधे दम घेतला तरी चालेल, खोकला आला तरी चालेल, यंत्र तेवढे चालू ठेवावे.